घर्षणाचे नियम आणि शेणव्यातली अडकलेली वायर

गेल्या मे महिन्यात शेणव्याला मामाच्या नव्या घराचं वायरिंग चालू होतं. पुढच्या खोलीतल्या बोर्डापासून मागच्या पडवीतल्या बोर्डापर्यंत स्लॅबमधून एक वीस एमएमचा पीव्हीसी पाइप गेलेला होता. त्यातून नऊ वायरी न्यायच्या होत्या, सहा दीडच्या आणि तीन अडीचच्या. वायरमनदादांनी स्प्रिंग घातली, पलीकडून काढली, टोकाला वायरी एकीखाली एक अशा बांधल्या, वरून टेप गुंडाळली आणि ओढायला लागले. मी अलीकडून वायरी सोडत होते. अर्ध्याहून जास्त अंतर पार झालं, आणि मग मी नको ते केलं. मी त्यांना थांबवलं.

माझी पीएचडी पॉलिमरवर आहे. मऊ प्लॅस्टिकचं घर्षण हा प्रबंधाचा एक मोठा तुकडा. लॅबमध्ये मी नखाएवढे नमुने घासते, आणि इथे डोळ्यांसमोर खराखुरा प्रयोग चालला होता. मामाकडे भाताच्या गोण्या तोलायचा लटकता डिजिटल काटा होता. तो आकडीला लावून ओढलं तर किती ताण लागतो ते कळेल, असं डोक्यात आलं. दादा म्हणाले, "ताई, एका दमात ओढून घेऊ. मग काय ते मोजा." मी म्हटलं, "नंतर काय मोजणार दादा?" काटा सापडेपर्यंत, त्याचे सेल बदलेपर्यंत जेवणाची वेळ झाली. मामी बोलवायला आली. वायरी तशाच अर्ध्यावर ठेवून आम्ही जेवायला गेलो.

तासाभराने काटा लावून ओढलं. वायर जागची हलली नाही. आकडा चढत चढत पंचवीस किलोच्या वर गेला. मग काटा काढून दोघांनी मिळून जोर लावला. आतून टक् असा आवाज आला आणि स्प्रिंग एकटीच हातात आली. वायरी पाइपात राहिल्या. अलीकडून उलट्या ओढून पाहिल्या, तरी येईनात.

मामाने वायरमनदादांकडे पाहिलं. काही बोलला नाही, पण ती नजर मला कळली. याला काम येत नाही, अशी ती नजर होती.

त्या दिवशी मी गप्प राहिले, आणि ते मला अजून टोचतं. गप्प राहण्याचं एक कारण असं, की मी शिकलेल्या पुस्तकानुसार चूक माझी नव्हतीच. घर्षणाच्या धड्यात वाट पाहण्याचा कुठे उल्लेखच नाही. तासभर थांबल्याने काही बिघडतं, असं कोणत्याही नियमात लिहिलेलं नाही. म्हणून आज त्या धड्याचीच उलटतपासणी करायची आहे.

धडा काय सांगतो

अकरावीपासून आपण तीन गोष्टी पाठ करतो. घर्षण हे पृष्ठभागांना एकमेकांवर दाबणाऱ्या बलाच्या प्रमाणात असतं. ते वरवर दिसणाऱ्या स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. आणि एकदा वस्तू सरकायला लागली की घर्षण थोडं कमी होतं आणि वेगाने फारसं बदलत नाही. पहिल्या नियमातलं प्रमाण म्हणजे घर्षणांक, आपला लाडका म्यू. दोन पदार्थांची जोडी सांगा, तक्त्यातून म्यू उचला, गुणाकार करा, मार्क घ्या.

यांतले पहिले दोन नियम ग्योम अमाँताँ याने १६९९ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे मांडले. त्याच्या दोनशे वर्षं आधी लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत ते होते, पण त्या वह्या तेव्हा छापल्याच गेल्या नाहीत. पुढे शार्ल कूलोम याने भरपूर प्रयोग करून १७८५ मध्ये त्यांना पक्कं रूप दिलं. अमाँताँने वापरलेले पदार्थ होते तांबं, लोखंड, शिसं, लाकूड, आणि वंगण म्हणून डुकराची चरबी. यात प्लॅस्टिक नाही, कारण तेव्हा ते नव्हतंच. आपल्या वायरीवर असतं ते मऊ पीव्हीसी वॉल्डो सेमन याने अमेरिकेत १९२६ मध्ये बनवलं. म्हणजे आपण लाकूड-लोखंडासाठी शोधलेला नियम सव्वादोनशे वर्षांनी जन्मलेल्या पदार्थाला लावतो, आणि ते करताना विद्यार्थ्याला तसं सांगतही नाही.

यातूनच दुसरं एक सूत्र निघतं, जे ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या नावाने ओळखलं जातं. गावात ते सगळ्यांना माहीत आहे, फक्त नाव माहीत नाही. म्हशीचं दावं झाडाला दोन वेढे देऊन धरलं की बारा वर्षांचं पोरगंही बिथरलेली म्हैस थोपवतं. का? वेढ्यात दोर झाडावर दाबला जातो, दाबामुळे घर्षण होतं, घर्षणामुळे पुढचा ताण वाढतो, वाढलेल्या ताणामुळे दाब अजून वाढतो. चक्रवाढ व्याजच हे. शब्दांत सूत्र असं: म्यू आणि वळणाचा कोन (रेडियनमध्ये) यांचा गुणाकार करा, २.७१८ या संख्येचा तितका घात घ्या, आणि आत जाणाऱ्या ताणाला त्याने गुणा. बाहेर येणारा ताण मिळतो.

पाइपातली वायर म्हणजे हेच, फक्त उलट्या बाजूने. म्हशीच्या वेळी चक्रवाढ आपल्या बाजूने असते, वायर ओढताना आपल्या विरुद्ध.

आधी कौतुक

टीका करायची तर आधी गुण सांगायला हवेत, आणि या सूत्रात मोठा गुण आहे. म्यू ०.५ धरू, कोरड्या पीव्हीसीवर पीव्हीसीसाठी हा आकडा अवाजवी नाही. एका काटकोनी बेंडमधून ताण २.२ पट होतो. दोन बेंडमधून ४.८ पट. चार बेंडमधून तब्बल २३ पट. आता म्यू ०.२ करा, म्हणजे चांगलं वंगण लावा. चार बेंडला ताण फक्त साडेतीन पट होतो. म्यू निम्म्याहून थोडा कमी केला, तर ताण साडेसहा पटीने उतरला. वंगणावर खर्च केलेले पैसे कुठे वसूल होतात, ते यावरून कळतं.

अमेरिकेच्या विद्युत संहितेत एक नियम आहे, की वायर ओढायच्या दोन जागांमध्ये बेंडची बेरीज ३६० अंशांपेक्षा जास्त असू नये. म्हणजे जास्तीत जास्त चार काटकोन, मग मध्ये एक बॉक्स द्या. हा नियम या चक्रवाढीचाच घरगुती अवतार आहे. त्याच संहितेत दुसरा नियम आहे, की दोनपेक्षा जास्त वायरी असतील तर त्यांनी पाइपाच्या आतल्या क्षेत्रफळाच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त जागा घेऊ नये. आपल्याकडे पाइपासाठी आयएस ९५३७ आणि वायरिंगसाठी आयएस ७३२ ही मानकं आहेत.

मामाच्या पाइपाला हे नियम लावून पाहिले. आतला व्यास साधारण १७ एमएम, क्षेत्रफळ सुमारे २२७ चौरस एमएम. दीडची वायर इन्सुलेशनसकट साधारण ३ एमएम जाडीची, अडीचची ३.६. नऊ वायरी मिळून ७३ चौरस एमएम, म्हणजे ३२ टक्के. पास! बेंड तीन, म्हणजे २७० अंश. पास! कागदावर हे काम निर्धोक होतं.

पण ३६० अंशांचा नियम फक्त दुकानातून विकत आणलेले बेंड मोजतो. स्लॅबमधला पाइप तुम्ही कधी पाहिला असेल, तर तो सरळ नसतो हे तुम्हाला माहीत आहे. तो सळयांवरून-खालून जातो, बांधणीच्या तारेने ओढला जातो, काँक्रीट ओतताना माणसं त्याच्यावरून चालतात, घमेलं पडतं. जागोजागी तो थोडा वर, थोडा खाली होतो. सूत्राला बेंडचं नाव ठाऊक नाही, त्याला फक्त कोन कळतो. आणि वर वळलेला कोन खाली वळलेल्या कोनाने वजा होत नाही, दोन्हींची बेरीज होते. पंधरा अंशांच्या बारा किरकोळ लचकी धरा. झाले १८० अंश. एकूण ४५०. म्यू ०.५ असेल तर २७० अंशांना ताण साडेदहा पट होतो आणि ४५० अंशांना पन्नास पट. न मोजलेल्या लचकींनी ओझं जवळजवळ पाचपट केलं, आणि ती कोणत्याही ड्रॉइंगमध्ये नाहीत.

इथे सूत्र नियमापेक्षा शहाणं ठरतं. ते वापरणाऱ्यांनी कोन मोजताना डोळेझाक केली, तर तो सूत्राचा दोष नव्हे.

मग खोट कुठे आहे

खोट म्यूमध्ये आहे. सूत्र असं धरून चालतं की म्यू हा त्या दोन पदार्थांचा स्वभाव आहे, कायमचा, नावावर लिहिलेला. धातूंच्या बाबतीत हे बऱ्यापैकी का चालतं, ते केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी समजावलं. त्यांचं घर्षण आणि वंगणावरचं पुस्तक १९५० मध्ये आलं, दुसरा भाग १९६४ मध्ये. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तरी ते सगळीकडे टेकत नाहीत, फक्त शिखरं शिखरांना टेकतात. माहुलीच्या सुळक्यांवर दुसरा माहुली उपडा ठेवला, तर जेवढा टेकेल तेवढंच. धातूची ही शिखरं दाबाखाली चेपली जातात आणि वजन पेलण्याइतकी रुंद होईपर्यंत चेपत राहतात. वजन दुप्पट केलं, की खरा स्पर्श दुप्पट. म्हणून घर्षण दुप्पट. नियम टिकला.

प्लॅस्टिकचं तसं नाही. ते धातूसारखं चेपून तसंच राहत नाही, रबरासारखं थोडं दबतं आणि परत येऊ पाहतं. एखादा गुळगुळीत गोल सपाटीवर असा लवचीक दाबला, तर वजन आठपट केल्यावर स्पर्शाचं क्षेत्रफळ आठपट होत नाही, चौपटच होतं. म्हणजे वजन वाढेल तसा म्यू उतरतो. टेबर यांनी पॅस्को यांच्याबरोबर १९५६ मध्ये प्लॅस्टिकवर हे दाखवलं. त्याच दशकात हॉवेल नावाच्या संशोधकाने कापडाच्या तंतूंवर काम करताना वेढ्याचं सूत्रच नव्याने मांडलं. त्याच्या मते घर्षण वजनाच्या थेट प्रमाणात नसून वजनाच्या एकापेक्षा लहान घाताच्या प्रमाणात धरावं.

हा घात उदाहरणादाखल ०.८ धरू. दाब दहापट झाला, की म्यू ०.५ वरून ०.३२ च्या आसपास येतो. जाड केबलींवर अमेरिकेत झालेल्या चाचण्यांतही हेच दिसलं, की बेंडमधला दाब जास्त असेल तर म्यू कमी भरतो. आता यातला धोका पाहा. तक्त्यांतले आकडे बहुतेक अशा जाड केबलींसाठी, मोठ्या दाबाखाली काढलेले. त्यातून ०.३२ उचलायचा आणि मामाच्या घरातल्या हलक्या वायरींना लावायचा, जिथे खरा म्यू ०.५ च्या जवळ आहे. ४५० अंशांना ०.३२ ने ताण बारा पट येतो आणि ०.५ ने पन्नास पट. खरं उत्तर मधे कुठेतरी पडेल, कारण ताण वाढत जाईल तसा म्यूही उतरत जाईल. पण तक्ता हलक्या कामाला नेमका चुकीच्या दिशेने फसवतो. तो म्हणतो, जाईल सहज.

इथे मी माझ्याच बाजूचा एक मुद्दा कापते. आर्चर्ड यांनी १९५७ मध्ये आणि ग्रीनवुड व विल्यमसन यांनी १९६६ मध्ये दाखवलं, की पृष्ठभाग पुरेसा खडबडीत असेल, तर लवचीक पदार्थातसुद्धा वजनासोबत नवनवीन शिखरं टेकू लागतात आणि जुना नियम जवळजवळ परत येतो. म्हणजे प्लॅस्टिक आहे म्हणून नियम मोडला, असं सरसकट म्हणता येत नाही. नवा कोरा, आतून चकचकीत पाइप आणि नवी चकचकीत वायर असेल तर नियम जास्त बिघडतो. धुळीने-सिमेंटने खरवडलेल्या पाइपात कमी बिघडतो, पण तिथे मूळ म्यूच वाढलेला असतो. चकचकीत म्हणजे कमी घर्षण, ही आपली समजूत इथे उपयोगाची नाही.

लांब बेंड की एल्बो

वायरमनदादा एल्बो वापरत नाहीत. स्प्रिंग घालून पाइप वाकवतात किंवा लांब बेंड आणतात. सूत्राला विचारलं तर ते म्हणतं, वळणाच्या त्रिज्येने काहीच फरक पडत नाही, फक्त कोन बघा. हॉवेलला विचारलं तर तो म्हणतो, फरक पडतो, पण उलटा. त्रिज्या मोठी, तर तोच दाब जास्त लांबीवर पसरतो, दर इंचावर दाब कमी, म्हणून म्यू जास्त. त्रिज्या दुप्पट केली तर ०.८ घाताने घर्षणाचा वाटा साधारण १५ टक्के वाढतो.

म्हणजे दादा चूक? अजिबात नाही. ही दोन्ही सूत्रं वायरीला सुताचा धागा समजतात, जो कसाही वळतो. तांब्याची वायर वळायला स्वतःच विरोध करते. आखूड एल्बोत तिला वाकवायला जोर लागतो, बाहेर पडताना सरळ करायला पुन्हा जोर लागतो, आणि तिचं टोक बाहेरच्या भिंतीवर टोचतं. नऊ वायरींचा जुडगा असेल तर त्या एल्बोत एकमेकींवर चढतात. जाड केबलींच्या हस्तपुस्तिकांत याचा एक ठोकताळाही आहे, की तीन केबली असतील आणि पाइपाचा व्यास एका केबलीच्या साधारण २.८ ते ३.२ पट असेल, तर वळणात त्या एका रांगेत येऊन पाचर मारल्यासारख्या अडकतात. हे सगळं लांब बेंडमध्ये कमी होतं, आणि हा फायदा १५ टक्क्यांच्या तोट्याला पुरून उरतो. तिघांपैकी दादांचं उत्तर बरोबर आहे. मात्र त्याचं कारण घर्षणाच्या धड्यात सापडत नाही.

थांबणं

आता माझ्या तासाभराकडे येऊ.

धडा म्हणतो, स्थिर घर्षण हे गतिज घर्षणापेक्षा जास्त. किती वेळ स्थिर, ते विचारत नाही. गंमत अशी, की ज्या कूलोमच्या नावाने हा धडा चालतो, त्याने हा प्रश्न विचारला होता. लाकडावर लाकूड ठेवून किती वेळ थांबलं की सुरुवातीचं घर्षण किती वाढतं, हे त्याने मोजलं होतं. १७८५ च्या निबंधात ते आहे. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी त्याचे नियम घेतले आणि वेळेचा मुद्दा गाळला. माझी खरी तक्रार इथे आहे. सोपं करून सांगणं समजू शकते मी. पण जो माणूस घड्याळ घेऊन बसला होता, त्याच्याच नावाने घड्याळ नसलेला नियम शिकवणं बरं नव्हे.

हे वाढतं कसं, ते १९९४ मध्ये डिटरिच आणि किलगोर यांनी डोळ्यांनी दाखवलं. हे भूकंपाच्या अभ्यासातले लोक. जमिनीतल्या भेगेच्या दोन बाजू कधी अडकतात आणि कधी सुटतात, हा त्यांचा प्रश्न. १९६७ चा कोयनेचा धक्का आठवणाऱ्या मुलखात हा प्रश्न परका वाटू नये. त्यांनी पारदर्शक पदार्थ एकमेकांवर दाबून त्यातून प्रकाश सोडला आणि जिथे खरा स्पर्श आहे ते ठिपके पाहिले. त्यांत ॲक्रिलिक प्लॅस्टिकही होतं. नुसतं थांबलं, तरी ठिपके हळूहळू पसरत होते. ही वाढ लॉगने होते, म्हणजे एका सेकंदापासून दहापर्यंत जेवढी, तेवढीच दहापासून शंभरपर्यंत, तेवढीच शंभरपासून हजारपर्यंत. सुरुवातीला भराभर, मग सावकाश, पण थांबत नाही.

वायरीवरचं पीव्हीसी तर मुद्दाम मऊ केलेलं असतं. त्यात प्लॅस्टिसायझर नावाचं तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. मे महिन्यातली दुपार, स्लॅबवर पाय ठेवला की चटका. त्या उष्णतेत हे आवरण अजून नरम होतं, आणि ते बेंडमध्ये ताणाखाली पाइपाला टेकलेलं होतं. आमचं वरण-भात-आमरस होईपर्यंत तिथे स्पर्शाचे ठिपके पसरत होते.

तुम्ही म्हणाल, लॉगने वाढ म्हणजे किती ती, काही टक्के. बरोबर. पण ही टक्क्यांची वाढ म्यूमध्ये झाली, आणि म्यू बसलाय घातात. समजा म्यू ०.५ चा ०.६ झाला. वीस टक्के. ४५० अंशांच्या पाइपात ताण पन्नास पटीवरून एकशे दहा पटीवर जातो. वीस टक्क्यांचे दुप्पट झाले. चक्रवाढीत व्याजाचा दर थोडासा वाढला की सावकाराचं काय होतं, ते आपल्याकडे कुणाला समजावायला नको.

वायरीलाही सोसण्याची मर्यादा असते. तांब्याच्या केबलीसाठी दर चौरस एमएमला ५० न्यूटन हा ओढण्याचा रूढ आकडा आहे. आमच्या नऊ वायरींचं तांबं मिळून साडेसोळा चौरस एमएम, म्हणजे साधारण ८४ किलोचा जोर. पंचवीस किलो त्याच्या खूप आत आहे. पण हे तेव्हाच खरं, जेव्हा सगळ्या वायरी जोर सारखा वाटून घेतात. टोकाची गाठ घसरून सगळा भार एका दीडच्या वायरीवर आला, तर तिची मर्यादा जेमतेम साडेसात किलो. टक् आवाज त्या गाठीचा होता.

"एका दमात ओढू" हे दादांचं वाक्य म्हणजे कूलोमचा गाळलेला तक्ता होता. मी ते ऐकलं नाही, कारण ते पुस्तकात नव्हतं.

शंखजिरं, साबण, कॅरमची पावडर

कोरडं वंगण म्हणून आपल्याकडे शंखजिरं वापरतात. त्याचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे थरांचे असतात, थर एकमेकांवरून सरकतात. कॅरमची बोरिक पावडर त्याच जातीची. दोन्ही मऊ पीव्हीसीला चालतात, आणि पुढे वायर बदलायची वेळ आली तरी पाइपात चिकटा राहत नाही. साबणाचं पाणी ओलं असेपर्यंत उत्तम. वाळलं की त्याचा थर चिकट होतो, म्हणजे मध्येच थांबायची सोय नाही. खोबरेल किंवा गाडीचं ऑइल मात्र नको. तेल आवरणातलं प्लॅस्टिसायझर ओढून घेतं, वर धूळ धरतं, आणि काही वर्षांनी आवरण कडक होतं. आज सुटलेली वायर उद्या तडकते. विजेच्या वायरीत हा व्यवहार महाग पडतो.

सूत्राच्या भाषेत हे सगळे म्यू कमी करायचे मार्ग. पण सूत्राचाच पाया काढून घेण्याचा मार्गही आहे, आणि तो रस्त्याकडेला पुरलेला असतो. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली, जी पुढे भारतनेट झाली. तिच्यासाठी रंगीत पाइपांची भेंडोळी तुम्ही पाहिली असतील. हे एचडीपीई पाइप, आतल्या बाजूला घन वंगणाचा कायमचा थर दिलेले. त्यांचा म्यू ०.१ च्याही खाली असतो. शिवाय त्यांत केबल नुसती ओढत नाहीत, दाबाखालच्या हवेने फुंकतात. ही पद्धत १९८० च्या दशकात ब्रिटिश टेलिकॉमने पुढे आणली. यात हवा केबलीला सगळ्या लांबीवर थोडं थोडं पुढे ढकलते. टोकाला ताण साठतच नाही, मग चक्रवाढ कशावर चढणार? ज्यांनी हे केलं त्यांना सूत्र पाठ होतं, आणि ते कुठे लागू पडणार नाही अशी जागा त्यांनी शोधून काढली. पुस्तक वाचायचं ते असं.

माझं मत

घर्षणाचा धडा फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. पहिली अट्टल चूक, म्हणजे बेंडची बेरीज न करणं, त्याच धड्याने पकडून दिली. माझी मागणी छोटी आहे. म्यूच्या तक्त्याखाली तीन ओळी छापाव्यात. किती दाबाखाली मोजला, किती तापमानाला मोजला, आणि हलवण्याआधी किती वेळ थांबलो. लॅबच्या वहीत आम्ही हे लिहितोच, नाही लिहिलं तर गाइड वही परत करतात. मग विद्यार्थ्याला दिलेल्या तक्त्यात ते का नसावं? या तीन ओळी असत्या, तर मी त्या दिवशी काटा शोधायला गेले नसते. किमान दादांचं म्हणणं ऐकल्यावर थबकले असते.

मामाच्या घरातला तो पाइप आम्ही सोडून दिला. स्लॅब फोडायचा नाही, हे दादांनीच ठरवलं. सळई उघडी पडली तर पावसाळ्यात गळती लागेल, म्हणाले. भिंतीवरून केसिंग-पट्टी लावून वायर नेली. नव्या वायरींचे आणि पट्टीचे पैसे मी दिले. मामा नको म्हणत होता, तेव्हा त्याला सगळं सांगितलं. थांबवलं मी, चूक माझी, दादांनी आधीच बजावलं होतं. मामा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे त्याच दिवशी बोलायचं होतंस बाय."

दुसऱ्या खोलीचा पाइप त्याच आठवड्यात ओढला. सकाळी सात वाजता, ऊन चढायच्या आत. वायरी भेंडोळ्यातून सरळ करून अंगणात मांडल्या, शंखजिरं लावलं, आणि अलीकडून मी वायरी सोडत राहिले. मध्ये एकदाच दादांनी मान वळवून विचारलं, "ताई, काटा आणू का?"

मी म्हटलं, "ओढा दादा, थांबू नका."